मालेगावची चैन

आमच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते. दोन्ही भाषांत येणारा एखादा शब्द मुलांना हमखास गोंधळात टाकतो. 'चैन' हा त्यांतलाच एक. उर्दूत चैन म्हणजे सुकून, जिवाचा आराम. मराठीत तो अर्थ आहेच; जीव थाऱ्यावर नसला की आपणही 'चैन पडत नाही' म्हणतो. पण मराठीत 'चैन करणे' असेही आहे, आणि तिथे अर्थ होतो ऐश, गरज नसलेला खर्च. मागे सातवीतल्या एका मुलाने वाक्यात उपयोग करताना लिहिले होते, 'माझे अब्बा चैन करत नाहीत, म्हणून ते थकतात.' हे वाक्य चूक द्यावे की बरोबर, या विचारात मी बराच वेळ लाल पेन हातात धरून बसले होते.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी, मालेगावला, गेले आणि ते वाक्य तिथे पावलोपावली भेटले.

मी जळगावला असते. एस.टी.त बसले की एरंडोल, पारोळा, धुळे आणि धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगाव. पूर्वी हा प्रवास वर्षातून एकदा व्हायचा, तोही ईद किंवा कुणाचे लग्न असले तर. मार्च 2023 मध्ये एस.टी.ने बायकांचे तिकीट अर्धे केले आणि मी वर्षातून तीन-चारदा जाऊ लागले. गंमत बघा, अम्मीला भेटणे तोवर आमच्या घरखर्चात 'जमलं तर' या खान्यात होते. तिकीट अर्धे झाले तसे ते 'जायलाच हवं' या खान्यात आले. अम्मी तीच, मीही तीच. पैशाची ओढाताण थोडी सैल झाली आणि चैनीची गरज झाली. उलटेही असेच होते, आणि ते फार वेगाने होते. ते कसे, हे मालेगावात दिसते.

मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठचे हे गाव. नारोशंकरांनी अठराव्या शतकात बांधलेला भुईकोट किल्ला मोसमच्या काठी अजून उभा आहे. 1857 नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेकडची विणकर मोमीन-अन्सारी घराणी आग्रा रोड धरून दक्षिणेकडे निघाली, आणि त्यांतली पुष्कळ इथे थांबली. आमचे पूर्वज त्यांच्यातलेच, असे घरात सांगतात. येताना त्यांच्याजवळ होते ते हातातले कसब. आधी हातमाग चालले, मग वीज आल्यावर यंत्रमाग आले. आज गल्लीगल्लीत लूम आहेत. इथे विणलेले कोरे कापड रंगाई-छपाईसाठी पाली, बालोतऱ्यापर्यंत जाते. कुठल्या तरी शहरात कुणाच्या तरी अंगावर ते शर्ट होऊन चढते तेव्हा त्यावर मालेगावचे नाव नसते.

बसस्टँडवरून रिक्षा मोहल्ल्यात वळली की लूमची खटखट सुरू होते. लहानपणी ती आम्हाला ऐकूच येत नसे. बंद पडली की मात्र दचकून जाग यायची. या वेळी भर दुपारी मी गल्लीत उतरले तर समोरचे दोन कारखाने गप्प होते. रिक्षावाल्याने न विचारता सांगितले, "बीम नहीं है बाजी. तीन दिन से बंद है." सूत महाग झाले आणि कापडाला उठाव नसला की व्यापारी सूत देत नाही. सूत नाही तर बीम नाही, बीम नाही तर मजुरी नाही. इथला मजूर मीटरवर पैसे घेतो. लूम थांबला की त्या तासाचा पैसाही थांबतो.

माझे लहानपण सुबत्तेत गेले असे नाही, पण ठीक गेले. अब्बांचे चार लूम होते. दिवसपाळी ते स्वतः करायचे, रात्रपाळीला एक मजूर असायचा. बारा-बारा तासांच्या पाळ्या. मालेगावात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते, आणि तो शुक्रवार आमच्या घरातली सगळ्यात पक्की गोष्ट होती. सकाळी अब्बा गरम पाण्याने आंघोळ करायचे. कानाच्या पाळीमागे अत्तराचा फाया. जुम्याची नमाज. दुपारी मटणाचा सालन आणि भात. संध्याकाळी आम्हा मुलांना प्रत्येकी एक रुपया, आणि मोहल्ल्यातले तरुण सिनेमाला.

बाहेरच्या माणसाला वाटायचे, हातावरचे पोट आणि दर शुक्रवारी सिनेमा कसला? पण सहा दिवस बारा तास ती खटखट कानात घेऊन उभे राहिलेल्या माणसाला तीन तास अंधारात बसून दुसराच आवाज ऐकायचा असतो. ही ओढ इतकी होती की या गावाने स्वतःचे सिनेमे काढले. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात सुपरमॅन झालेला सडपातळ तरुण यंत्रमागावर काम करणाराच होता. सिनेमा बघावा की नाही, हा वाद आमच्याही घरी होता. अब्बा स्वतः कधी गेले नाहीत. पण जाणाऱ्या मजुराला ते उधळ्या म्हणत नसत. म्हणायचे, "कानाला पण सुट्टी लागते."

तर तेव्हाची आमची यादी अशी होती. शुक्रवारचे मटण, अत्तर, पाहुण्याला नान आणि चहा, ईदला सगळ्यांना नवे कपडे : ही गरज. फ्रिज, टेलिफोन, मोटारसायकल आणि मुलीचे दहावीनंतरचे शिक्षण : ही चैन. यादी कुणी कागदावर लिहिली नव्हती. पण मोहल्ल्यातल्या कुठल्याही घरात विचारले असते तर हीच सांगितली असती.

मग एकेक वर्ष आले. आधी लोडशेडिंगची वर्षे. वीज जाईल त्या वेळापत्रकाने घर चालायचे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, आणि ज्या गावात आठवड्याचा हप्ता रोखीने वाटला जातो त्या गावात मालकाकडेच वाटायला नोटा राहिल्या नाहीत. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला. ज्यांनी आयुष्यात वही ठेवली नव्हती त्यांना हिशेबनीस शोधावा लागला. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि एप्रिल-मेमध्ये मालेगावचे नाव रोज करोनाच्या बातम्यांत येऊ लागले. त्या रमजानमध्ये गावातले सगळे लूम एकदम थांबले. अम्मी म्हणते, तशी शांतता तिने जन्मात ऐकली नव्हती. "इतना सन्नाटा, और ज़रा चैन नहीं."

त्या चार लूमपैकी आता दोन उरले आहेत. बाकीचे दोन भंगारात, किलोच्या भावाने गेले. अब्बांना जाऊन सहा वर्षे झाली. धाकटा भाऊ ते दोन चालवतो, आणि दिवसाची पाळी दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीवर करतो.

आणि यादी? यादी पार बदलली आहे. ती आखूड झाली असती तर कळले असते. तिच्यातले वरचे खाली आणि खालचे वर गेले आहे.

मोबाइल आता गरज आहे, कारण व्यापाऱ्याचा निरोप आणि मजुरीचे पैसे त्याच्यावरच येतात. जुनी का होईना, मोटारसायकल गरज आहे, कारण बीम कुठे मिळेल ते दारोदार फिरून बघावे लागते. याउलट मटण चैन झाले. सातशे-आठशे रुपये किलोचे मटण दर शुक्रवारी कोण आणणार? शुक्रवारी आता बहुतेक घरांत अंड्याचा सालन किंवा मसूर-भात असतो. गल्लीच्या तोंडावरच्या हॉटेलात एक चहा दोघांत घेणारे पूर्वी दोस्त असत, आता ती रीतच झाली आहे. किराणा दुकानात तेल बाटलीने जात नाही, दहा-वीस रुपयांचे जाते. साबण लहान वडीचा, शाम्पू एक रुपयाच्या पुडीचा, चहापत्ती पाच रुपयांची. हिशेब केला तर असे घेणे महिन्याच्या अखेरीस महाग पडते. हे दुकानदारालाही ठाऊक आहे आणि घेणाऱ्या बाईलाही. पण अख्खी बाटली घ्यायला एकदम अख्खे पैसे लागतात. स्वस्त घेता येणे हीसुद्धा एक चैनच आहे, हे मला त्या दुकानाच्या फळीपाशी उभी असताना कळले.

आजारी पडून झोपणे ही चैन आहे. शेजारच्या खालांच्या मुलाला ताप होता तरी तो पाळीवर गेला, कारण पाळी सोडली तर लूम दुसऱ्याला जातो. डॉक्टरकडे पहिल्या दिवशी जाणे ही चैन आहे. तिसऱ्या दिवशी ती गरज होते, तोवर आजार वाढलेला असतो.

या सगळ्यांत मला जे सगळ्यात जास्त लागले ते आमच्याच घरात होते. वहिनी साड्यांना फॉल लावते. दुकानदार गठ्ठा आणून टाकतो, नगावर पैसे देतो. तिच्या चष्म्याची उजवी काच तडकली आहे आणि काडी सुताने बांधली आहे. सूत अर्थातच बाण्याचे, आमच्याच लूमचे. टाका घालताना ती साडी डोळ्यांच्या इतकी जवळ नेते की नाकाला लागते.

"नंबर बदलून घे ना," मी म्हणाले.

"बघू बाजी, ईदनंतर," ती म्हणाली.

"कोणत्या ईदनंतर?"

ती हसली, दोरा दातांनी तोडला आणि दुसरी साडी ओढली.

ज्या चष्म्याशिवाय तिची कमाई होत नाही तो चष्माच या घरात चैन ठरला होता. आणि असे कुणी ठरवलेही नव्हते. भाऊ काही वाईट माणूस नाही. विचारले असते तर त्याने त्याच दिवशी पैसे दिले असते. पण तिने मागितले नाही. मग मोहल्ल्यात इकडेतिकडे बघितले तर सगळीकडे तेच. तंगी आली की घरातली बाई सगळ्यात आधी स्वतःच्या नावापुढची वस्तू खोडते, आणि ती इतक्या गुपचूप खोडते की खोडल्याची खूणही राहत नाही.

काही गोष्टींना मात्र हे गाव अजून चैन म्हणू देत नाही. मी पोहोचले त्या संध्याकाळी मटण आले. मी नको-नको म्हणत होते, पण अम्मीने भाच्याला आधीच पाठवले होते. दस्तरखानावर माझ्या ताटात बोट्या वाढत अम्मी म्हणाली, "खा. तुझं घर आहे." भाचा पंधरा वर्षांचा आहे, दहावीचा निकाल लागलेला, हाडे मोठी होण्याचे वय. तो मन लावून जेवला आणि उठताना सहज विचारले, "फूफी, आता परत कधी येणार?" वहिनीने त्याच्याकडे असे पाहिले की तो ताट घेऊन पळाला. आम्ही सगळे हसलो. माझा घास मात्र घशात अडकला. मी अर्ध्या तिकिटात आले होते, पण माझे येणे या घराला किती पडत होते?

रात्री गच्चीवर भाऊ आणि मी बसलो. खाली लूम बंद होते, त्यामुळे बोलण्यासाठी ओरडावे लागत नव्हते. विषय भाचीचा होता. यंदा ती बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचे आहे. सीईटीही दिली होती. मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी भावाला म्हणाल्या होत्या, "मुलीला परगावी ठेवून शिकवणं आपल्याला परवडतं का? पैसे लग्नाला ठेव." मी त्याला सांगितले की ओबीसी, ईडब्ल्यूएस वर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारने 2024-25 पासून माफ केली आहे, प्रवेश सरकारी प्रवेशप्रक्रियेतून घ्यायचा, व्यवस्थापनाच्या कोट्यातून नाही. आपली जात ओबीसीत आहे, कागद लावायला हवेत. त्याला ते ठाऊक होते. भाचीने सगळे कागद कधीच काढून ठेवले होते.

"फीचं नाही बाजी. हॉस्टेल, खाणं, पुस्तकं, कपडे. ते तर खिशातूनच जाणार."

मग थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "तुमच्या वेळेला पण तेच होतं."

माझ्या वेळेला म्हणजे 2003 ला. मी बी.ए. झाले होते आणि पुण्याला बी.एड.साठी हॉस्टेलवर राहिले होते. मोहल्ल्यातली परगावी शिकायला गेलेली मी तिसरी का चौथी मुलगी. पैसे कुठून आले, हे मी अब्बांना विचारले होते. ते म्हणाले होते, "अल्लाहने इंतजाम केला." मी तेवढ्यावर समाधान मानले, कारण बाविसाव्या वर्षी मानायला सोपे जाते.

भावाने त्या रात्री इंतजाम सांगितला. त्या वर्षी धंदा मंद होता. अब्बांनी रात्रपाळीचा मजूर काढला, आणि त्याच्या जागी त्याला उभे केले. तो तेव्हा अठरा वर्षांचा, अकरावी विज्ञान शाखेतून पास झालेला. मजुराचा हप्ता वाचला, तो दर महिन्याला माझ्या हॉस्टेलला आला. रात्रभर लूमवर उभा राहिलेला मुलगा सकाळी कॉलेजला जाईना. बारावीला त्याने नाव घातलेच नाही. आणि शुक्रवारचे मटण? ते पूर्ण वर्षभर बंद होते. मी सुट्टीत यायची त्या आठवड्यात फक्त आणले जायचे.

"म्हणजे मला कळू नये म्हणून?"

"तुम्ही पाहुण्या होता ना," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. मी इतकी वर्षे वर्गात उभी राहून मुलींना सांगत आले की माझ्या अब्बांनी तंगीतही मला शिकवले. ते खरे आहे, पण अर्धे. माझे शिक्षण चैनीच्या खान्यातून गरजेच्या खान्यात गेले, आणि त्याच दिवशी त्याचे शिक्षण गरजेच्या खान्यातून चैनीच्या खान्यात गेले. घरातली जागा तेवढीच होती.

अब्बा रमजानमध्ये जकातचा हिशेब करायला बसत, तेव्हा आम्हा भावंडांना जवळ बसवत. चार लूम होते त्या वर्षांत त्यांच्यावर थोडीशी जकात निघायची, आणि ती काढताना त्यांचा चेहरा ईदसारखा व्हायचा. ते समजावून सांगायचे की हनफी फिक्हच्या पुस्तकांत 'हाजते असलिया' म्हणजे माणसाच्या मूळ गरजा सांगितल्या आहेत, त्यांच्यावर जकात नाही. राहते घर, अंगावरचे कपडे, घरातले सामान, स्वारीचे जनावर. आणि त्याच यादीत कारागिराची अवजारे आणि इल्म घेणाऱ्याची पुस्तके. अब्बा बोटाने खाली कारखान्याकडे दाखवत, "ये हमारा औज़ार," आणि मग माझ्या दप्तराकडे, "और वो उसकी किताबें." दोन्ही एकाच यादीत. लहानपणी मला हा जकातचा नियम वाटायचा. आता वाटते, अडचणीचे दिवस आल्यावर काय खोडायचे आणि काय खोडायचे नाही, याचीही ती यादी आहे. अब्बांनी 2003 मध्ये लूम विकला नाही आणि माझी पुस्तकेही थांबवली नाहीत. दोन्ही राखताना तिसरीकडून जे गेले, तेही एक दप्तरच होते, हे मात्र त्यांना बोलून दाखवता आले नसावे.

2020 च्या त्या रमजानमध्ये आमच्या दारावर रात्री कुणीतरी रेशनची पिशवी ठेवून गेले. तांदूळ, डाळ, तेल, खजूर. ज्या घरातून जकात निघायची त्या घराला ती पोहोचली. अम्मी बराच वेळ ती पिशवी समोर घेऊन बसली होती. मग तिने तांदूळ-डाळ ठेवून घेतली आणि खजुराचा डबा शेजारच्या खालांकडे पाठवला. देणे पूर्ण बंद झाले असे तिला स्वतःला सांगायचे नव्हते. ते खजूर ही चैन होती की गरज, हे मला आजही ठरवता येत नाही.

गच्चीवर मी भावाला म्हणाले, भाचीच्या हॉस्टेलचे मी बघते. तो लगेच ताठ झाला. "बाजी, मी मागितलं नाही." मी म्हणाले, "मी देत नाहीये, फेडते आहे. एक वर्षाची रात्रपाळी, बावीस वर्षांनी." तो काही बोलला नाही. खाली मांजर बंद लूमवर उडी मारून बसले, त्याचा तेवढा आवाज झाला.

मग मला भाचा आठवला. सुट्टी लागल्यापासून तो बापाबरोबर लूमवर उभा राहतो, हे मी दोन दिवस पाहत होते. तार तुटली की त्याच्या बापापेक्षा त्याची बोटे आधी पोहोचतात. सगळे कौतुकाने म्हणतात, हात बसलाय पोराचा. मी भावाला विचारले, "याच्या अकरावीचं काय?"

"बघू," तो म्हणाला. "ही आधी मार्गी लागू दे."

तेच वाक्य. बहुधा अब्बांनीही 2003 मध्ये तेच म्हटले असेल. एका मुलीचे शिक्षण या मोहल्ल्यात चैन राहिले नाही, याचा आनंद मी मनापासून केला होता. पण त्याची किंमत पुन्हा एका मुलाच्या नावावर लिहिली जात होती, आणि तीही कुणी न ठरवता, वहिनीच्या चष्म्यासारखी. मी म्हणाले, "फेडायची माझी एक अट आहे. त्याचा अकरावीचा फॉर्म मी असतानाच भरायचा."

भाऊ हसला. म्हणाला, "मास्तरीण झालात म्हणून हुकूम?"

"तुझ्याच पैशाने झालेय," मी म्हणाले.

फॉर्म भरला गेला. मोबाइलवरच भरायचा होता. तो भाचीने भरला, भाचा तिच्या खांद्यावरून बघत होता, आणि विषय निवडताना दोघांत भांडण झाले. मला ते भांडण फार गोड वाटले. त्या आठवड्यात शुक्रवारी बीम आला. दोन्ही लूम सुरू झाले, सुट्टीच्या दिवशी. अम्मी म्हणाली, जुम्याच्या नमाजेपुरते बंद ठेवा, मग चालवा. खटखट सुरू झाली आणि मी निघेपर्यंत पुन्हा ओरडून बोलायला लागलो. रात्री मात्र अम्मीला शांत झोप लागली. पाळीतला भाऊ खाली उभा होता, त्याला झोप नव्हती, आणि घराला चैन होते.

वाचकहो, मी काही अर्थशास्त्राची शिक्षिका नाही. तंगीने काय काय बदलते याचे मोठे हिशेब मला येत नाहीत. एवढेच सांगते की आपल्या घरची चैनीची यादी एकदा सगळ्यांनी मिळून, मोठ्याने वाचावी. तिच्यात कुणाची वस्तू आहे ते बघावे. दर वेळी त्याच माणसाचे नाव निघत असेल, तर यादीत काही चुकते आहे.

हा लेख लिहिताना भाचीचा प्रवेश झाला आहे. ती नाशिकला हॉस्टेलवर आहे. भाचा अकरावीला जातो. संध्याकाळी दोन तास लूमवर असतो, त्यापुढे नाही, असे फोनवर मला सांगितले जाते. वहिनीचा चष्मा अजून तोच आहे. दोनदा पैसे पाठवले, दोन्ही वेळा ते घरात दुसरीकडे गेले. म्हणून येत्या दुसऱ्या शुक्रवारी मी स्वतः जाते आहे. तिला हाताला धरून चष्म्याच्या दुकानात न्यायचे, नंबर काढायचा आणि चष्मा तिच्या डोळ्यांवर चढल्यावरच परतीची बस धरायची, असे ठरवले आहे. अम्मीला फोनवर बजावले आहे की या वेळी मटण आणायचे नाही.

ती आणणारच.